साळिंदर दारातून उठले

मुलांनो, सातपुड्याच्या एका जंगलात खारी, मुंग्या आणि पारवे यांनी मिळून वडाच्या ढोलीत एक कोठार थाटले होते. सुगीत आपापले दाणे तिथे ठेवायचे आणि टंचाईत परत न्यायचे. कारभार होता एका घुशीकडे. तिने दाणे आपल्याच सग्यासोयऱ्यांना खिरापतीसारखे वाटले आणि अर्धी ढोली रिकामी केली. सिंहाने तिला हाकलले, ढोलीच्या तोंडाशी एक साळिंदर बसवले आणि बजावले, "माझा हुकूम होईपर्यंत आत कोणी जायचे नाही."

साळिंदर मोठे प्रामाणिक. त्याने चोरांना दाण्याला हात लावू दिला नाही, आणि मालकांनाही नाही! उन्हाळा तापला. रानात खायला काही उरले नाही. एका खारीची पिल्ले भुकेने व्याकूळ झाली, म्हणून ती आपले दाणे मागायला गेली. साळिंदराने काटे उभारले. "हुकूम नाही." आतून किडक्या धान्याचा वास येत होता. पिल्ले उपाशी आणि दाणे किड्यांच्या पोटात! खारीचे डोके भडकले.

सगळ्यांना घेऊन ती थेट सिंहापुढे उभी राहिली. "महाराज, साळिंदराला उठवा. आमचे कोठार आम्ही सांभाळू."

"आणि पुन्हा चोरी झाली तर?"

"तेव्हा चोरी झाली, कारण आम्ही कधी आत डोकावलोच नाही. आता दर आठवड्याला सगळे धान्य कातळावर उन्हात पसरू. ज्याला पाहायचे त्याने पाहावे."

"साळिंदर अजून वर्षभर राहू दे. तुमच्याच भल्यासाठी."

"वर्षभराने आमची पिल्ले उरणार नाहीत. मग राखण कुणासाठी? आम्ही इथून हलणार नाही!" एवढीशी खार शेपटी ताठ करून म्हणाली. मागे मुंग्यांची रांगही जागची हलेना.

सिंह गुरगुरला, "बरे, एकदा पसरून दाखवा."

भर उन्हात धान्य कातळावर आले. किडके वेगळे, चांगले वेगळे. काहीच झाकले नाही. सगळे भुकेले होते, तरी सर्वांचे पाहून होईपर्यंत एकानेही दाणा उचलला नाही. सिंहाने ते पाहिले आणि साळिंदराला घरी पाठवले.

तेवढ्यात घूस मिशा साफ करत पुढे आली. "कारभारी लागेलच ना? मला अनुभव आहे."

"तुझा अनुभव आम्हालाही आहे," खार म्हणाली. "चल, वाट सोड. माझी पिल्ले उपाशी आहेत."

तात्पर्य : राखणदार चोराला अडवतो, पण ठेवीचे मालक स्वतः डोळे उघडून उभे राहिले, तरच त्यांची ठेव पुन्हा त्यांच्या हाती येते.