काठाला मालक फुटला

कारखान्याचे चेअरमन नाथाजीराव यांनी नदीकाठी बंगला बांधला आणि सगळ्या काठाला तारेचं कुंपण ठोकलं. जन्मभर काठावरूनच गळ टाकणाऱ्या कोंडाबाई भोईणीनं मग भाच्याची जुनी कयाक होडी मागून आणली आणि थेट बंगल्यासमोरच्या डोहात जाऊन बसली.

नाथाजीराव कुंपणाआडून ओरडले, "ए बाई, तुला गं कयाक कशाला लागते?"

"काठाला मालक फुटला की लागते, साहेब."

"नदीसुद्धा माझीच आहे!"

"बरं झालं, तिचाही मालक सापडला एकदाचा! गेल्या पुरात तुमची नदी माझ्या चुलीत शिरली होती. ओटीवर गाळ अजून तसाच आहे. फावडं घेऊन कधी येताय?"

नाथाजीरावांना एकदम घरात फोन वाजल्याचं ऐकू आलं. कोंडाबाईला काही ऐकू आलं नाही. तिच्या गळाला मरळ लागली होती.