कोनाड्यातला नारळ

एका डोंगराच्या माथ्यावर एक किल्ला होता आणि त्या किल्ल्यावर एक किल्लेदार होता. माणूस मनानं चांगला. शिपायाला ताप आला तर स्वतः काढा घेऊन जाणारा. पण जुन्या रीती तो डोळे मिटून पाळायचा.

त्या किल्ल्याची एक रीत होती. लढाईत ज्याचा हात, पाय किंवा डोळा गेला, त्याला दरवाज्यापाशी बोलवायचं, अंगावर शेला घालायचा आणि उजव्या हातात नारळ द्यायचा. नारळ हातात पडला की शिपाईगिरी संपली. मग त्यानं मागं न बघता डोंगर उतरायचा.

एकदा हैबती नावाच्या स्वाराची पाळी आली. भर दौडीत त्याच्या घोड्याचा तंग तुटला होता. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जीन आवळून धरणारा पट्टा. पट्टा तुटला, जीन फिरलं, हैबती खाली आला आणि शत्रूचा वार उजव्या हातावर बसला. जखम भरली, पण हात गेला तो गेलाच.

किल्लेदारानं त्याच्या अंगावर शेला घातला. नारळ पुढे केला.

"हैबती, खूप केलंस. आता घरी जा. आराम कर."

हैबतीनं नारळाकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या बाहीकडे. "सरकार, नारळ उजव्या हातानं घ्यायची रीत ना?"

"होय."

"उजवा हात तर किल्ल्याच्या कामी आला. आता घेऊ कशानं?"

जमलेले शिपाई खाली मान घालून हसू लागले. किल्लेदार अडला. रीत मोडता येईना आणि नारळही देता येईना.

"अरे, पण तू राहून करणार काय? तलवार उजव्या हाताची, लगाम डाव्याचा. आणि खरं सांगू? तुझी ही बाही बघून नवी पोरं बिचकतात."

"मला लढायला पाठवा असं मी कुठं म्हणतो? वीस वर्षं घोड्यांत काढली, सरकार. घरी बायको नाही, लेकरू नाही. खाली उतरून मी कुणाला हाक मारू?"

किल्लेदाराचे डोळे ओले झाले. त्यानं नारळ दरवाज्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. "बरं, राहू दे इथं. तूही राहा. पुढचं पुढं बघू."

दुसऱ्या दिवशी हैबतीला नवा अंगरखा मिळाला, एक भाला मिळाला आणि दरवाज्यापाशी गादी मिळाली. काम काय, तर बसायचं. येणारेजाणारे मुजरा करायचे. जेवणाचं ताट जागेवर यायचं.

चार दिवस हैबतीनं सोसलं. पाचव्या दिवशी तो किल्लेदारासमोर उभा राहिला. "सरकार, देवळात मूर्ती आहे. दुसरी कशाला?"

"अरे, मान दिलाय तुला!"

"मान आहे, काम नाही. ताट समोर आलं की घास उतरत नाही."

"मग तूच शोध तुझं काम," किल्लेदार जरा चिडूनच म्हणाला.

हैबती सरळ पागेत गेला. शेजारीच जीनं ठेवायची खोली होती. तिथला कारकून नेटका माणूस. दर सणाला सगळ्या पट्ट्यांना तेल लावायचा. चामडं असं चकाकायचं की त्यात तोंड पाहावं. पण कारकून जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता. पट्टा जिनावर असतानाच तो वरून तेल फिरवायचा. आतली बाजू, जिथं घोड्याचा घाम मुरतो, ती त्यानं कधी उलटून पाहिलीच नव्हती.

धान्य घेताना जाणता माणूस पोत्याच्या तोंडावरचे दाणे बघत नाही, तळाशी हात घालतो. हैबतीनं तेच केलं. एकेक तंग सोडवायचा, गुडघ्यावर ठेवायचा, डाव्या हातानं उलटा वाकवायचा आणि भेगा पडतात का बघायचं. पहिल्या दिवशी तीनच पट्टे झाले. कारकून हसला. "हैबतीदादा, दोन हातांनी केलं असतं तर संध्याकाळपर्यंत सहा झाले असते हो!"

"दोन हात होते तेव्हा मी एकही पाहिला नव्हता," हैबती म्हणाला. "म्हणून तर एक राहिला."

पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी खालच्या गावातून निरोप आला: लुटारू खिंडीपर्यंत आले आहेत, लवकर या. किल्लेदारानं आपल्यासकट चाळीस स्वारांनी निघायचा हुकूम दिला. घोडे बाहेर निघाले, जीनं चढली. एवढ्यात हैबती मध्ये येऊन उभा राहिला.

"सरकार, थांबा. सतरा तंग कुजलेत. परवाच कारकुनाला सांगितलं होतं, अजून बदललेले नाहीत."

कारकून लाल झाला. "काहीतरीच! कालच तेल लावलंय. ज्याला स्वतःचा तंग बांधता येत नाही, तो दुसऱ्यांचे तपासतो!"

स्वार चुळबुळले. खाली गावात बायकामुलं होती. एकेक घटका मोलाची होती.

"हैबती, बाजूला हो," किल्लेदार म्हणाला. "पट्टे बदलत बसलो तर गाव लुटलं जाईल."

"आणि सतरा जण उतारावर पडले तर गाव कोण वाचवेल? सरकार, त्या सतरांत तुमचाही तंग आहे."

"माझा? काल तर फिरून आलो!"

"काल सपाटीवर चाल होती. आज उतारावर दौड आहे. रिकिबीत पाय घाला आणि सगळा भार टाकून दोन हिसके द्या. टिकला तर मी कोनाड्यातला नारळ डाव्या हातानं उचलतो आणि आत्ता डोंगर उतरतो."

किल्लेदारानं रिकिबीत पाय घातला, भार टाकला. एक हिसका दिला. काही झालं नाही. कारकुनानं सुटकेचा निःश्वास टाकला. किल्लेदारानं दुसरा हिसका दिला.

तट्!

जीन फिरलं आणि किल्लेदार पाठीवर आपटला, तो नेमका गवताच्या गंजीत. कुणी हसलं नाही. हैबती पुढं झाला. त्यानं डावा हात पुढं केला.

"उठा, सरकार. मी पडलो तेव्हा तिथं गवत नव्हतं."

किल्लेदारानं तो हात धरला आणि उठल्यावरही सोडला नाही. "पट्टे बदला," तो म्हणाला. "हैबती सांगेल ते आणि तसे."

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार धावले. कोठारातले कोरे पट्टे आले, कारकूनही अंगरखा खोचून बकलं आवळू लागला. हैबतीनं हात फिरवून 'हं' म्हटल्याशिवाय एकही घोडा हलला नाही. मग चाळीस स्वार वाऱ्यासारखे उतरले, खिंडीत लुटारूंना गाठलं आणि गावाबाहेरूनच पिटाळलं.

सूर्य मावळायच्या आत धुळीनं माखलेले घोडे परत आले. हैबती दरवाज्यात उभा राहून जीनं मोजत होता. शेवटचं जीन आत आलं तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला. चाळीस गेले होते, चाळीस आले होते.

किल्लेदारानं कोनाड्यातला नारळ काढला, कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी आटत आलं होतं. त्यानं तो स्वतःच्या हातानं फोडला आणि गुळाबरोबर सगळ्यांना वाटला. पहिला तुकडा हैबतीच्या डाव्या हातावर ठेवला.

तेव्हापासून किल्ल्याची रीत बदलली. जखमी शिपायाला नारळ देण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "तुला काय हवंय?" पुढच्याच महिन्यात पाय गमावलेला एक शिपाई म्हणाला, "सरकार, मला लेकीजवळ जायचंय." किल्लेदारानं त्याला पालखीतून घरी पोहोचवलं. तोही मानच होता.

आणि नवी पोरं? हैबतीची रिकामी बाही बघून ती अजूनही बिचकत. पण बिचकली की आपला तंग घेऊन त्याच्याकडेच येत. "काका, एवढा वाकवून बघता का?"

तात्पर्य एवढंच: जखमी माणसाला घरी धाडण्याआधी किंवा गादीवर बसवण्याआधी त्यालाच विचारावं. राहायचं म्हणाला, तर त्याला खरं काम द्यावं. कुठं तुटतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.