केराबाईची उशी

"एका मुलीसाठी सगळा दवाखाना उलटा फिरवायचा का, आप्पा?"

डॉक्टर शांतवीर चपला काढता काढताच बोलले. आधी नमस्कार करावा, मग बसावं, मग विचारावं, एवढा दम त्यांच्यात कधीच नव्हता. नाव शांतवीर, पण त्यातलं शांतपण बारशालाच संपलं, असं मठातली जुनी माणसं म्हणत.

आप्पांनी वर पाहिलं नाही.

आप्पा म्हणजे नदीकाठच्या त्या मठाचे स्वामी. गादीवर बसण्याआधी ते डॉक्टर होते आणि बसल्यावरही राहिले. मठाला लागूनच त्यांचा गरिबांचा दवाखाना होता, आणि तिथेच आसपासच्या खेड्यांतल्या मुली नर्सचं काम शिकत. शांतवीर लहानपणी याच मठात वाढले, मठाचं जेवून शिकले आणि तालुक्याला मोठे डॉक्टर झाले. आता मठातल्या मुलींची परीक्षा तेच घेत.

आप्पांची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं आणि नजर त्यावर.

"सुगला परत नापास आहे," शांतवीर म्हणाले. "आता तिला परीक्षेला पाठवू नका. एवढं सांगायलाच आलोय."

"का नापास?"

"पोट तपासायला उभी केली, तर 'कळेना' म्हणाली. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून जिला बाळाचं डोकं कळेना, तिला मी नर्स म्हणून गावात पाठवू?"

"नको पाठवू."

शांतवीर थबकले. एवढ्यात मान्य होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. लढायला आलेल्या माणसाला समोरचं दार उघडंच सापडावं, तसं त्यांचं झालं.

"म्हणजे... मी अन्याय केलेला नाही. तिचा हात अधू आहे म्हणून मी तिला वेगळं काही विचारलं नाही. मी कुणात डावं-उजवं करत नाही, आप्पा. सगळ्यांना तीच खाट, तोच नियम. तपासणाऱ्यानं बाईच्या उजव्या अंगाला उभं राहायचं."

"सगळ्यांना उजवं."

"हो, उजवंच. तुम्हीच शिकवलंत."

"...शिकवलं खरं."

दिव्याची वात आप्पांनी जरा पुढे सारली.

सुगला जन्माला येताना अडली होती. सुइणीने घाईघाईत हात धरून ओढलं, आणि तिचा उजवा हात कायमचा नावापुरता राहिला. टेकवता येई, पण दाबता येत नसे, आणि बोटांना जाणही बेताचीच. जे काय करायचं ते ती डाव्या हाताने करी. आपल्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून तिला बाळंतपणाचं काम शिकायचं होतं. हे तिने फक्त आप्पांना सांगितलं होतं, आणि तेही फार उशिरा.

"आणि दुसरी गोष्ट," शांतवीर म्हणाले. "ती तपासते डाव्या हातानं. लेकीसुनांच्या पोटाला डावा हात लागलेला आपल्याकडे कुठल्या सासूला खपतो? डावा हात कशाकशाला वापरतात ते..."

आप्पांनी एक बेलाचं पान उचललं आणि डाव्या तळहातावरच्या लिंगाला वाहिलं.

शांतवीरांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांच्याही गळ्यात लिंग होतं. रोज सकाळी न चुकता तेही त्याला डाव्याच तळहातावर घेत. त्यांनी जीभ चावली, आणि हुशार माणसं करतात तसा विषय बदलला.

"बरं, ते राहू द्या. पण बाळ झेलायला दोन हात लागतात की नाही?"

"तू एकट्यानं झेलतोस?"

"शेजारी नर्स असते."

"हं."

पूजा आटोपली. आप्पांनी लिंग कपाळाला लावलं, गळ्यातल्या पेटीत ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल," ते म्हणाले.

दवाखान्याच्या लांबट खोलीत भिंतीला लावलेली एक लोखंडी खाट होती. तिच्यावर केराबाई पडली होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली बाई, तिसऱ्या खेपेची, तोंडाने फटकळ. सुगला तिचा रक्तदाब बघत होती. पट्ट्याचं एक टोक तिने आपल्या उजव्या कोपराखाली दाबून धरलं होतं आणि दुसरं डाव्या हाताने गुंडाळत होती. ही युक्ती तिने आणि आप्पांनी मिळून शोधली होती, आणि आता ती सराईतपणे जमत होती.

डॉक्टरांना पाहिलं आणि ती उभी राहिली. ओढणी पुढे ओढून तिने उजवा हात झाकून घेतला.

आपण का आलो हे तिला ठाऊक आहे, हे शांतवीरांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता. घरी दोन म्हशी आणि भावाची पोरं तिची वाट बघत होती, आणि एकदा गेल्यावर परत कोणी धाडणार नव्हतं. शांतवीरांना वाईट वाटलं. ते काही दगड नव्हते. पण कीव केली म्हणून कुणी नर्स होत नाही, असं त्यांनी मनाला बजावलं.

"सुगला," आप्पा म्हणाले, "परीक्षेत 'कळेना' का म्हणालीस?"

"...कळत नव्हतं, आप्पा."

"का?"

"त्या बाजूनं डावा हात नीट बसत नाही. अंग पिळून उभी राहिले, पण बोटं तिरकी पडायला लागली. पलीकडनं गेले असते तर... पण पलीकडं भिंत होती."

"मग पलीकडची बाजू का नाही मागितलीस?"

तिने ओढणी आणखी पुढे ओढली.

"बोल."

"लाज वाटली."

"कुणाची?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"कुणाची असं न्हाई... मागायची."

आप्पा खाटेकडे वळले. इथेही तसंच होतं. केराबाईचं डोकं खिडकीकडे, डावं अंग भिंतीला लागलेलं आणि उजवं अंग मोकळं.

"आता माग," आप्पा म्हणाले.

सुगलाने ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

"..."

"अगं माग की बाई," केराबाई म्हणाली. "काय मागायचं हाय ते माग. मी का सोनं घेऊन निजलेय?"

सुगलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून शब्द काही फुटेना.

शांतवीर बघत होते. आपण बरोबर होतो, असं त्यांना वाटलं, आणि या वेळी ते नुसत्या तोऱ्याने वाटलं नव्हतं. आडगावात, बाईला रक्त जायला लागलं, तर हाका मारून माणसं गोळा करावी लागतात. गाडी मागावी लागते, दिवा मागावा लागतो, शेजारणीचा हात मागावा लागतो. जिला एवढं मागता येत नाही, ती तिथे काय करणार? हात अधू असणं एक वेळ चालेल, पण असं मुकं राहणं जिवावर बेतेल.

"बघितलंत, आप्पा?" ते हळू आवाजात म्हणाले. "आता तुम्ही आहात. गावात हिच्यासाठी खाट कोण ओढून देणार?"

आप्पा खाटेजवळ गेले. केराबाईच्या डोक्याखालची उशी त्यांनी अलगद काढली, पायथ्याशी नेऊन ठेवली आणि थोपटली.

केराबाईने उशीकडे पाहिलं, मग स्वामींकडे. मग कण्हत कुंथत उठली आणि उलट्या बाजूने आडवी झाली.

"घ्या. पोटातलं फिरतंय ते थोडं झालं म्हणून आता मलाच फिरवा."

आता तिचं उजवं अंग भिंतीला लागलं होतं आणि डावं मोकळं झालं होतं. खाट जागची तसूभरही हलली नव्हती.

सुगला पुढे झाली. उजवा हात तिने पोटाच्या कडेला नुसता टेकवला, बाळ पलीकडे सरकू नये म्हणून. डावा हात फिरू लागला. तिचे डोळे अर्धवट मिटले होते. मघाशी भरून आलेलं पाणी गालावर तसंच वाळत होतं, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"डोकं खाली आहे," ती म्हणाली. "पाठ डावीकडं. ठोके..." तिने नळी लावली, कान टेकवला. "ठोके चांगले आहेत. आठवा महिना."

"नववा लागलाय," आप्पा म्हणाले. "बेंबीपासून वर नीट मोजलं नाहीस."

तिने पुन्हा हात ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"...नववा. चुकलं."

"ह्या चुकीचे गुण काप, शांतू," आप्पा म्हणाले. "सोडू नकोस. फक्त तिच्या चुकीचे काप."

शांतवीर पेचात पडले. मुलगी बोलली ती ठामपणे बोलली होती. चूक झाली तीही शिकणाऱ्या कुठल्याही पोरीची व्हावी तशीच. पण स्वामींनी आधीच सगळं पढवून ठेवलं नसेल कशावरून? गुरू झाले म्हणून काय झालं, शिष्येची माया कुणाला सुटते? डोळे झाकून हो म्हणायला परीक्षक म्हणजे काही नंदीबैल नव्हे.

"मी स्वतः बघतो," ते म्हणाले.

"बघ," आप्पा म्हणाले आणि बाजूला झाले.

शांतवीरांनी बाह्या सारल्या, हात धुतले, पुसले. पोट तपासणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. अर्थात म्हणायला. डावा हात त्यांनी या कामाला उभ्या आयुष्यात लावला नव्हता. ते नेहमीच्या ऐटीत खाटेशी उभे राहिले, केराबाईच्या चेहऱ्याकडे वळले आणि उजवा हात पुढे केला.

हात बाहेरच्या बाजूला राहिला.

त्यांनी तो आडवा घेतला. बोटं तिरकी पडली. त्यांनी एक पाय मागे घेतला, कंबर वळवली, खांदा खाली केला. मनगट काही सरळ होईना.

"साहेब, दमानं," केराबाई म्हणाली. "कणीक न्हाई ती."

"हं... हं."

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. काहीतरी टणक लागलं. डोकं की ढुंगण? त्यांनी मान तिरपी केली. कपाळाला आठी पडली.

"कळेना..." ते स्वतःशीच पुटपुटले.

मग हात काढून घेतला आणि तहान लागल्यावर पाणी मागावं इतक्या सहज म्हणाले,

"बाई, ती उशी जरा पहिल्या टोकाला घ्या बघू. मला बाजू मिळेना."

केराबाईने लगेच उशीला हात घातला. नको म्हणायचं तिला काही कारणच नव्हतं. उशीच तर होती. सुगलाही सवयीने मदतीला पुढे सरली.

आप्पांनी नुसता हात आडवा करून तिला थांबवलं.

आणि तेव्हा कुठे शांतवीरांना आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकू आलं. त्यांची कानशिलं तापली. काहीतरी बोलायला हवं होतं. 'माझी गोष्ट वेगळी' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि वेगळी कशी, ते काही सापडेना.

ते आप्पांकडे बघत राहिले. लहानपणी पाठ न झाल्यावर बघत, तसेच.

आप्पांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता.

सुगला मात्र डॉक्टरांकडे टक लावून बघत होती. तिची ओढणी खांद्यावरून घसरली होती, उजवा हात उघडा पडला होता, आणि तो झाकून घ्यायचं या वेळी तिला सुचलं नव्हतं.

"उशी मग दे, सुगला," आप्पा म्हणाले. "साहेब कसं म्हणाले, ते आधी शिकून घे."