अडसरबाईंची पाठ

त्या राज्यात कोणी जन्माला येत नसे. गरज पडली की एकाचे दोन होत. राज्यावर बंद छप्पर होते आणि खाली दोन प्रांत, पूर्व आणि पश्चिम. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते. दोन्ही सारखे भरले की छप्पर उघडणार, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. उघडल्यावर पुढे काय, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

एकाचे दोन करण्याचे काम उधाणरावांचे. हा गृहस्थ आतल्या खोलीत शिरून नुसता खाकरला, तरी बाहेरची वस्ती दुप्पट होई. म्हणून पूर्वेच्या खोलीच्या दारात अडसरबाई बसत, भिंतीला पाठ टेकून. डोळे अधू, पण पाठ तल्लख. लोक खांद्याला खांदा लावून उभे राहत. दाटी झाली की तो रेटा भिंतीतून बाईंच्या पाठीत उतरे आणि बाई दार लावून घेत. रेटा ओसरला की दार उघडे. इतका साधा कारभार, आणि तोवर कधी चुकला नव्हता.

मग एकदा छपरातून उन्हाची झळ आली आणि पश्चिमेची निम्मी वस्ती करपली. तिकडून हाक आली, "थांबा हो, आमचं भरायचंय अजून!" अशी हाक आली की सगळ्यांनी थांबायचे, हा रिवाज. पूर्व तर काठोकाठ भरलेली. दार बंदच राहिले.

पूर्वेला ते मानवेना. "त्यांचं करपलं, त्यात आमचा काय दोष?"

उधाणराव पडवीत येरझाऱ्या घालत होते. ते लोकांच्या कानाशी लागले. "अहो, म्हातारीला दिसतंय कुठं? जरा अंग चोरून उभे राहा की."

सगळा प्रांत अंग चोरून उभा राहिला. बाईंच्या पाठीतला रेटा विरला.

"बाई, दार," उधाणराव लोण्यासारख्या आवाजात म्हणाले.

"हाक अजून येतेय, रावसाहेब."

"येऊ द्या. तुमचा कारभार कानावर चालतो की पाठीवर?"

बाई घुटमळल्या. कानाचे खरे मानावे तर जन्मभराची पाठ खोटी ठरत होती. त्यांनी दार उघडले.

उधाणराव आत शिरून खाकरले, पुन्हा खाकरले. पूर्व फुगली, तिला घड्या पडल्या, घड्यांवर घड्या चढल्या. लोक अंग चोरतच राहिले. त्या कल्लोळात पश्चिमेची हाक बुडून गेली, आणि पश्चिम भरायच्या आतच पूर्वेच्या दाटीने छप्पर तडकले.

उजेड आला. प्रांतांनी एकमेकांना प्रथमच पाहिले. एकाच अंगाच्या दोन बाजूंना ते लटकत होते, पातळ, आरपार दिसणारे, शिराशिरांचे. एक ऐसपैस, दुसरा आखूड आणि चुरगळलेला. वारा लागला तशी पूर्वेने जोरात फडफड केली, पश्चिमेने जमेल तेवढी. सगळे राज्य, म्हणजे एक चिलट, भुणभुणत वर उठले, एका पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावरून.

"बघा, बघा, काय वेग आहे आपला!" पूर्वेत आरोळी उठली.

अडसरबाई अधू डोळ्यांनी खाली पाहत होत्या. केळ्याचा देठ आला, मागे गेला. जरा वेळाने तोच देठ पुन्हा आला.