शिवलेले गाठोडे

एकदा एक डोंगराळ मुलखातला तरुण मजुरीसाठी समुद्रापार निघाला. त्याच्या गावची रीत अशी, की परमुलखात जाणाऱ्याने शेजारपाजाऱ्यांची गाठोडी न्यावीत आणि ती वाटेत कधी उघडू नयेत. उघडणे म्हणजे देणाऱ्याला चोर ठरवणे. बंदरावर एका व्यापाऱ्याने आपल्या भाच्यासाठी म्हणून एक शिवलेले गाठोडे दिले. त्याने ते मुकाट घेतले. पैलतीरावर शिपायांनी टाके उसवले, तेव्हा आत अफू निघाली. त्या राज्यात अफू वाहणाऱ्याला एकच शिक्षा होती, फाशी.

एका वृद्ध न्यायपंडिताने त्याची बाजू घेतली. दोन न्यायसभांत त्याने गावची रीत परोपरीने मांडली. दोन्हीकडे तिचे हसेच झाले. आता राजाकडे शेवटची विनवणी उरली होती. पण ती कैद्याने स्वतः उभे राहून करावी लागे, आणि कैदी तर भिंतीकडे तोंड फिरवून बसला होता. ‘बाबा, पुरे झालं. काय ते लवकर होऊ द्या,’ एवढेच तो म्हणे.

वृद्धाने त्याला समजावले नाही. तो समुद्र ओलांडून कैद्याच्या गावी गेला आणि एक शिवलेले गाठोडे घेऊन परतला. कैद्याच्या हाती ते देत म्हणाला, ‘हे माझे नव्हे. मी येईपर्यंत असू दे.’

पंडितासोबत असलेला त्याचा शिष्य मनोमन सुखावला. टाके शाबूत राहिले, की राजापुढे याहून मोठा पुरावा कोणता?

काही दिवसांनी दोघे तुरुंगात गेले. पहारेकरी कुरकुरला, ‘पंडितजी, काय ठेवून गेलात? वासाने माझीच भूक चाळवली.’ आत गाठोडे उसवून पडले होते. कैद्याच्या मिशीला भाजलेल्या नाचणीचे पीठ लागले होते.

‘बाबा, आमच्या चुलीचा वास आला. राहवलं नाही.’

मग त्याने आईचे गुडघे कसे आहेत, तिला पाणी कोण आणून देते, ते विचारले. आणि अगदी हळू आवाजात विचारले, की राजापुढे उभे राहून नेमके काय म्हणायचे असते.

बाहेर येताच शिष्य म्हणाला, ‘गुरुजी, ज्या रीतीवर आपली सारी बाजू उभी होती, ती त्याने मूठभर पिठासाठी मोडली. आणि मोडायला लावली तुम्ही.’

वृद्ध थांबला. ‘कदाचित चुकलोही असेन. ती भीती मलाही आहे. पण मी त्याची परीक्षा घेत नव्हतो. व्यापाऱ्याच्या गाठोड्यात त्याचे काही नव्हते, म्हणून ते शिवलेले राहिले. या गाठोड्यातून त्याला आई हाक मारत होती. शास्त्राची वचने मी त्याच्यासाठी म्हणू शकतो. घराची ओढ मात्र त्याच्या वतीने मला लागत नाही. तीच विझली असेल, तर मी कोणासाठी भांडतो आहे? राजाने विचारले, तर दोन्ही गाठोड्यांची गोष्ट सांगू. खरी तीच सांगू.’

कैदी स्वतः राजापुढे उभा राहिला. राजाने विचारले, आणि त्यांनी दोन्ही गाठोड्यांची गोष्ट सांगितली. फाशी टळली, तुरुंगवास राहिला. किती वर्षांचा, ते राजाने सांगितले नाही.

पंडित निरोप घ्यायला गेला, तेव्हा कैदी गजांपाशी उभा होता. म्हणाला, ‘आईला सांगा, वाट बघ म्हणावं.’

कैद्याच्या गावाकडे निघालेल्या नावेत शिष्य कितीतरी वेळ त्या किनाऱ्याकडे पाहत राहिला. निरोप तोंडपाठ होता. तरी तो पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होता.