पापड कुठे वाळवले?

रावबहादूर केळुसकरांना घर विकायचे होते. मात्र घेणाऱ्याने प्रश्न विचारणे त्यांना अपमानास्पद वाटे. द्वारकाबाई घर पाहायला आल्या, तेव्हा ते आरामखुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"घरात ऊन येतं ना?" द्वारकाबाईंनी एवढेच विचारले. त्यांची थोरली लेक अंधाऱ्या, ओलसर घरात खोकून खोकून गेली होती, आणि आता धाकटीलाही तोच खोकला लागला होता.

"ऊन? अहो बाई, दिवसभर अंगणात नुसतं लोळत असतं!" रावबहादूर गरजले. "आज आभाळ आलंय, म्हणून दिसत नाही. आमच्या शब्दावर विश्वास नाही की काय?"

इतक्यात त्यांच्या पत्नीने चहा आणि भाजलेले पापड आणून ठेवले.

"पापड सुरेख झालेत हो, वहिनी. वाळवले कुठे?"

"शेजारच्या गोदूताईंच्या गच्चीवर. दरवर्षी तिथंच नेते," ती भाबडेपणाने म्हणाली.

द्वारकाबाईंनी कप खाली ठेवला. "रावबहादूर, जे ऊन तुमच्या पापडांसाठी आलं नाही, ते माझ्या लेकीसाठी कसं येईल?"

जिंकल्याचा आनंद मात्र द्वारकाबाईंना झाला नाही. हा प्रश्न पहिले घर घेताना सुचायला हवा होता. बाहेर ओट्यावर धाकटी खोकत बसली होती. त्यांनी तिचा हात धरला. दुसरा हात रिकामाच राहिला.