राजाने शेवटपर्यंत वाचलेली बखर

एका राज्यात राजवाड्याहून मोठं एक ग्रंथघर होतं. ते एका मांत्रिकाने बांधलं आणि सगळ्यांना खुलं ठेवलं. जाताना तो बजावून गेला, "न वाचता जो फळीवरून पुस्तक काढील, तो पक्षी होईल. ज्याला ते पुस्तक खुपतं, त्यानेच ते पुरं वाचून परत फळीवर ठेवलं, तर तो पक्षी सुटेल." आणि झालंही तसंच! एका बखरीवरून जुन्या राजाने डोळे वटारले, ग्रंथपाल रुद्राजीने घाबरून ती न उघडताच माळ्यावर टाकली, आणि तत्क्षणी त्याचा राघू झाला.

त्याची लेक मंदाकिनी हिने बखर पुन्हा फळीवर मांडली, पण बाप काही सुटला नाही. सात वर्षं ती ग्रंथघर सांभाळी, त्याला डाळ भरवी आणि रडू गिळी.

एके दिवशी नवा राजा विक्रांतसेन तणतणत आला.

"ती बखर जाळा! माझे आजोबा रणातून पळाले, असं लिहिलंय म्हणे."

"म्हणे?" राघू वरून बोलला.

मंदाकिनी पेचात पडली. हो म्हणावं, तर न वाचलेली बखर काढून बापाच्या शेजारी आपणही पक्षी. नाही म्हणावं, तर मान जायची.

"महाराज, इथली रीत तीन कामांची. आक्षेप स्वहस्ते लिहावा. पुस्तक शेवटपर्यंत वाचावं. मग तीन वाचकांचं ऐकावं. तोवर पुस्तक इथून हलत नाही."

"मी राजा आहे!"

"म्हणून तर बसायला गादी देते."

राजाने तीन ओळी खरडल्या, त्यातल्या दोन शिव्यांच्या. मग तीन दिवस मांडी घालून वाचलं. आजोबा खरंच पळाले होते. बखरीने कसलीच भीड ठेवली नव्हती.

वाचक आले. कुंभारीण म्हणाली, "ठेवा." शिपाई म्हणाला, "काढा." म्हातारा वैद्य म्हणाला, "ठेवा. साथ आली की मलाही पळावंसं वाटतं, तेव्हा मी हीच वाचतो."

राजाने आपला आक्षेपाचा कागद उचलला.

"आणि माझा आक्षेप?"

"तोही जपून ठेवू, महाराज. शिव्यांसकट."

"मला ती अजूनही आवडलेली नाही," असं पुटपुटत राजाने बखर उचलली आणि फळीवर ठेवली.

पंख फडफडले, आणि पिकल्या केसांचा रुद्राजी समोर उभा राहिला. मंदाकिनी त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

"बाबा, चला, आधी जेवून घ्या."

"आधी ती बखर दे, पोरी," रुद्राजी म्हणाला. "मी ती अजून वाचलेली नाही."